हजार पानी मॅन्युअलात आपलं उत्तर कसं शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या, नुकताच डिप्लोमा झालेल्या एका मुलाने विचारलंय: "सर, आमच्याकडे सिस्कोचा २९६०-एक्स स्विच आहे. मशीन शॉपकडे जाणारं एक पोर्ट अधूनमधून बंद पडतं, दिवा नारिंगी होतो. केबल काढून लावली तरी चालू होत नाही, शटडाऊन आणि नो शटडाऊन दिलं की होतं. कंपनीच्या साइटवर या स्विचच्या ढिगाने पीडीएफ आहेत, त्यातल्या काही हजार-हजार पानांच्या. व्हिडिओ बघून कमांड दिली तर 'इनव्हॅलिड इनपुट' येतं. डॉक्युमेंटेशनमध्ये उत्तर शोधायची काही पद्धत असते का?"

असते. कॉलेजात ती सहसा कुणी शिकवत नाही आणि कामावर शिकवायला कुणाला वेळ नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या: शोधाची सुरुवात गुगलवर करायची नाही, स्विचवर करायची. आपल्याला काय दिसतंय ते आपल्या शब्दांत शोधलं, की आपल्यासारख्याच अडलेल्या लोकांचे अंदाज सापडतात. स्विचला काय दिसतंय ते त्याच्या शब्दांत शोधलं, तर तो स्विच बनवणाऱ्यांनी लिहिलेलं पान सापडतं. म्हणून कन्सोल केबल लावा किंवा एसएसएच करा (म्हणजे नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरा) आणि 'शो लॉगिंग' द्या. तुम्ही सांगितलेली लक्षणं पाहता तिथे बहुधा अशा दोन ओळी असतील:

%स्पॅनट्री-२-ब्लॉक_बीपीडीयूगार्ड: रिसीव्ह्ड बीपीडीयू ऑन पोर्ट जीआय१/०/१७ विथ बीपीडीयू गार्ड एनेबल्ड. डिसेबलिंग पोर्ट.

%पीएम-४-एरर_डिसेबल: बीपीडीयूगार्ड एरर डिटेक्टेड ऑन जीआय१/०/१७, पुटिंग जीआय१/०/१७ इन एरर-डिसेबल स्टेट.

पोर्टचा नंबर तुमच्याकडे वेगळा असेल. या ओळीची रचना एकदा समजून घ्या, आयुष्यभर कामाला येईल. टक्क्याच्या चिन्हानंतरचा पहिला शब्द म्हणजे स्विचच्या सॉफ्टवेअरचा कुठला भाग बोलतोय ते. इथे स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप, म्हणजे गोल फिरणारी वाट, होऊ न देणारी यंत्रणा; त्यासाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश म्हणजे बीपीडीयू) आणि पोर्ट मॅनेजर. मधला आकडा म्हणजे गांभीर्य. तो ० ते ७ असतो. ० म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी राहिली नाही, ७ म्हणजे नुसता डीबगचा मजकूर. आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर, हे सुरुवातीला उलटं वाटतं. तिसरा भाग हे त्या घटनेचं नाव. टक्क्यापासून विसर्गासारख्या दोन टिंबांपर्यंतचा एवढा तुकडा कॉपी करा आणि तोच शोधा. पुढचे पोर्ट नंबर, मॅक ॲड्रेस, वेळ हे तुमच्या कारखान्याचं खासगी आहे. ते शोधात टाकलंत तर सापडणारं पानही सापडणार नाही.

हा तुकडा तुम्हाला सिस्टिम मेसेज गाइड नावाच्या पुस्तकात नेतो. त्यात प्रत्येक संदेशाखाली दोनच गोष्टी असतात: अर्थ, आणि काय करावं. पाचदहा ओळी, बस्स. हजार पानांपैकी तुम्हाला त्या क्षणी तेवढ्याच हव्या असतात.

लॉगमध्ये काहीच नसेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. बफर छोटा असल्यामुळे जुन्या ओळी पुसल्या गेल्या, नाहीतर लाइट जाऊन स्विच रीस्टार्ट झाला. दोन्हीवर उपाय एकच, एखाद्या जुन्या पीसीवर सिसलॉग सर्व्हर (स्विचचे लॉग साठवणारा प्रोग्राम) बसवा आणि स्विचला एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, वेळ द्या. घड्याळ चुकीचं असलेला लॉग आणि पाळीचं वेळापत्रक शेजारी ठेवून काहीही कळत नाही. पोर्ट बंद असताना 'शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड' दिलंत तरी कारण एका शब्दात दिसतं.

आता मॉडेल आणि व्हर्जन. "सिस्कोचा २९६०-एक्स" हे मॉडेल नाही, ते घराणं आहे. 'शो इन्व्हेंटरी' दिलं की पीआयडी (प्रॉडक्ट आयडी, म्हणजे नेमकं मॉडेल) दिसतो आणि शोधात तो लागतो पूर्ण, शेवटच्या अक्षरांसकट. ४८एफपीएस-एल आणि ४८एलपीएस-एल हे दोन्ही ४८ पोर्टचे, दोन्ही पीओई प्लसवाले (नेटवर्कच्या केबलमधूनच उपकरणाला वीज देणारे) आणि दिसायला सारखे. पण पहिल्याकडे पीओईसाठी ७४० वॉट आहेत, दुसऱ्याकडे ३७०. म्हणजे दुसऱ्यावर ३० वॉट घेणारी उपकरणं फक्त १२ पोर्टवर चालतील, किंवा १५.४ वॉटची २४ पोर्टवर. डेटाशीटच्या पहिल्या पानावर '४८ पोर्ट पीओई प्लस' वाचून ४८ कॅमेऱ्यांचं कोटेशन देणारे लोक आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. मग कोल्ड स्टोरेजवाला विचारतो की शेवटचे कॅमेरे का लागत नाहीत, आणि कॅमेरे बदलून बदलून सगळे थकतात. उत्तर त्याच डेटाशीटमध्ये दोन पानं पुढे, एका तक्त्यात असतं. स्विचवर 'शो पॉवर इनलाइन' दिलं तरी एकूण किती, वापरलं किती, उरलं किती हे समोर येतं.

पीओईचाच आणखी एक आकडा नीट वाचा. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात पोर्टवर १५.४ वॉट असतात, पण उपकरणापाशी १२.९५ धरायचे. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये पोर्टवर ३० आणि उपकरणापाशी २५.५. मधला फरक शंभर मीटरच्या तारेत उष्णता होऊन जातो. स्विचची डेटाशीट पहिला आकडा सांगते, कॅमेऱ्याची बहुधा दुसरा, आणि हे दोन कागद शेजारी ठेवणाऱ्याला ते ठाऊक असावं लागतं.

व्हर्जनचं महत्त्व मायक्रोटिक कंपनीच्या राउटरच्या उदाहरणाने जास्त पटेल. आपल्याकडच्या छोट्या इंटरनेटवाल्यांकडे ते सर्रास असतं. त्यांच्या राउटरओएस या सॉफ्टवेअरच्या ६.४१ मध्ये, म्हणजे २०१७ च्या डिसेंबरात, 'मास्टर-पोर्ट' हा पोर्ट एकत्र जोडायचा प्रकारच काढून टाकला आणि ते काम ब्रिजकडे दिलं. पुढे ७ व्या आवृत्तीत बीजीपीची (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीची) सगळी मांडणी बदलली. आधी 'पीअर' लिहायचो तिथे आता 'कनेक्शन' आणि 'टेम्प्लेट' आलं. पण शोधात जुनी पानं आणि नवी पानं शेजारीशेजारी येतात. ६ व्या आवृत्तीचं जुनं विकी वेगळ्या पत्त्यावर आहे, ७ व्याचं मॅन्युअल वेगळ्या. लेख बरोबर असतो, तुमचा राउटर बरोबर असतो, दोघांची गाठ चुकीची पडलेली असते. तुमचं 'इनव्हॅलिड इनपुट' बहुतेक याच जातीचं आहे. व्हिडिओतला स्विच कुठल्या व्हर्जनवर आहे ते त्याने सांगितलंय का? नसेल तर ती कमांड म्हणजे ऐकीव माहिती समजा. शोधताना घराणं आणि व्हर्जन दोन्ही टाका आणि पान उघडल्यावर पहिल्यांदा डावीकडे किंवा वर कुठलं रिलीज लिहिलंय ते बघा.

आता कुठला प्रश्न कुठल्या पुस्तकाला विचारायचा ते सांगतो. झेपेल का, बसेल का, तापेल का, किती लांब जाईल, याचं उत्तर डेटाशीट आणि हार्डवेअर इन्स्टॉलेशन गाइडमध्ये. दिव्याचे रंगही तिथेच, हार्डवेअर गाइडमध्ये. एखादी सोय मुळात काय आहे आणि कुठल्या क्रमाने चालू करायची, हे कॉन्फिगरेशन गाइडमध्ये. एकाच कमांडचे सगळे कंगोरे कमांड रेफरन्समध्ये. "अपग्रेड केलं आणि हे सुरू झालं" असं असेल तर थेट रिलीज नोट्स, कारण ज्ञात दोष आणि दुरुस्त दोष तिथे नंबरासकट लिहिलेले असतात. बहुतेक लोक सगळ्या प्रश्नांसाठी कॉन्फिगरेशन गाइडच उघडतात आणि तीनशे पानं खाली-वर करत बसतात.

यातलं कमांड रेफरन्स मला सगळ्यात जवळचं वाटतं, म्हणून त्याचं एक पान बारकाईने बघू. 'एररडिसेबल रिकव्हरी' या कमांडचं पान घ्या, तुमच्या कामाचंच आहे. वर सिंटॅक्स दिसेल. ठळक अक्षरातलं जसंच्या तसं टाइप करायचं, तिरक्या अक्षरात असेल तिथे आपली किंमत घालायची. चौकोनी कंसात असेल ते ऐच्छिक. महिरपी कंसात उभ्या रेघा मारून दिलेल्या पर्यायांतून एक निवडलाच पाहिजे. हे न कळल्यामुळे कंसच टाइप करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ही खूण पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितलेली असते आणि प्रस्तावना कुणी उघडत नाही.

त्याखाली डिफॉल्ट. इथे लिहिलंय की सगळ्या कारणांसाठी ही आपोआप सावरण्याची सोय मुळात बंद असते, आणि चालू केली तर कालावधी ३०० सेकंद. तुमचं पोर्ट आपणहून का उठत नाही, याचं उत्तर या एका ओळीत मिळालं. त्याखाली कुठल्या मोडमध्ये कमांड चालते ते. 'इनव्हॅलिड इनपुट'चं दुसरं नेहमीचं कारण हेच, कमांड बरोबर आणि मोड चुकीचा. मग कमांड हिस्टरी, म्हणजे ही कमांड कुठल्या रिलीजपासून आली. आणि शेवटी युसेज गाइडलाइन्स, जो भाग लोक सोडून देतात. त्यात लिहिलेलं असतं की एररडिसेबलमध्ये गेलेलं पोर्ट लिंक-डाऊन स्थितीसारखंच राहतं, आणि रिकव्हरी चालू नसेल तर हाताने शटडाऊन आणि नो शटडाऊन द्यावं लागतं.

हे वाचल्यावर रिकव्हरी चालू करून मोकळं व्हायचा मोह होईल. करू नका. कारण तसंच राहिलं तर पाच मिनिटांनी पोर्ट उठेल, पुन्हा पडेल, आणि मशीन शॉपवाले आज एकदा ओरडतात ते दिवसभर ओरडतील. बीपीडीयू गार्ड म्हणजे "या पोर्टवर फक्त पीसी किंवा मशीन असेल, दुसरा स्विच नाही" अशी अट. ती मोडली गेली म्हणून पोर्ट बंद झालं. टोकाला जाऊन बघा. पोर्ट कमी पडले म्हणून कुणीतरी पाच पोर्टचा साधा स्विच बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. असा स्विच स्वतः बीपीडीयू तयार करत नाही. पण त्याच्याच दोन पोर्टांत एक केबल कुणी अडकवली, तर यातले बरेचसे स्वस्त स्विच तुमच्याच स्विचचा बीपीडीयू फिरवून परत पाठवतात. साफसफाईच्या वेळी लोंबणारी केबल दिसली की कुणीतरी ती मोकळ्या भोकात घालून ठेवतो आणि लूप तयार होतो. गार्डने तुमचं उरलेलं नेटवर्क वाचवलंय. मॅन्युअल तुम्हाला मशीन शॉपमधली ती केबल दाखवणार नाही, पण नेमकं काय शोधायला उठायचं ते सांगतं.

कॉन्फिगरेशन गाइडमध्येही असाच एक दुर्लक्षित भाग असतो, प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला: पूर्वअटी आणि मर्यादा. सातबारा बघताना आपण मालकाचं नाव वाचून खूश होतो, आणि बोजा असतो इतर हक्कांच्या रकान्यात. तसंच हे. कमांडा सगळेच वाचतात, पण "अमुक सोबत तमुक चालत नाही" ही ओळ मर्यादांमध्ये असते. तक्त्यांखालच्या तळटीपाही याच घरातल्या. गिगाबिट एसएक्स या फायबर मोड्यूलचं अंतर ५५० मीटर म्हणून छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे ५० मायक्रॉनच्या फायबरवर. जुन्या कारखान्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाकलेली ६२.५ मायक्रॉनची तार असेल तर तेच अंतर २२० ते २७५ मीटरवर येतं. गेटपासून गोडाऊनपर्यंत चारशे मीटर असले की ती तळटीप फार महाग पडते.

शोधण्याच्या युक्त्या फारशा नाहीत. पीडीएफ संपूर्ण उतरवा आणि त्यात शोधा, कारण साइटवर एकेक प्रकरण वेगळ्या पानावर असतं. घटनेचं नाव अवतरणात घालून शोधा. आणि त्या कंपनीचा शब्द वापरा: सिस्कोत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) नेणारं पोर्ट, एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह घराण्यात ट्रंक म्हणजे दोन-चार लिंक एकत्र बांधणं. एकीकडचं उत्तर दुसरीकडे लावलं तर नेटवर्क पडतं. आजकाल मुलं एआयला विचारतात. विचारा, हरकत नाही, कुठल्या प्रकरणात बघावं याची दिशा त्यातून चांगली मिळते. पण त्याने दिलेली कमांड तुमच्या व्हर्जनमध्ये आहे की नाही, हे स्विचवर प्रश्नचिन्ह दाबून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. अस्तित्वात नसलेली कमांडसुद्धा तो तितक्याच ठामपणे देतो.

ते प्रश्नचिन्ह फार मोठी गोष्ट आहे. अर्धी कमांड लिहून ते दाबलं की पुढे काय काय चालतं ते दिसतं, आणि ते नेमकं तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच व्हर्जनचं असतं. इंटरनेट नसतानाही. 'शो रनिंग-कॉन्फिग ऑल' दिलं तर एरवी न दिसणाऱ्या डिफॉल्ट किमतीही दिसतात. ज्युनिपर या दुसऱ्या नेटवर्क कंपनीने तर 'हेल्प टॉपिक' आणि 'हेल्प रेफरन्स' देऊन मॅन्युअलचा बराच भाग डब्यातच भरून ठेवलाय.

इंग्रजीबद्दल. आपल्याकडची बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली, आणि पान इंग्रजीत उघडलं की दडपण येतं. पण या पुस्तकांची भाषा साधी आणि तीच तीच असते. 'अनलेस', 'ओन्ली इफ', 'बाय डिफॉल्ट', 'नॉट सपोर्टेड', 'डेप्रिकेटेड' एवढे शब्द दिसले की थांबून वाक्य दोनदा वाचा; अट तिथेच असते. ब्राउझरमधून सगळं पान मराठीत भाषांतरित करू नका, त्यात कमांडांचंही भाषांतर होऊन बसतं. एखादं वाक्य अडलं तर तेवढंच करा.

कधीकधी पुस्तक खरंच अपुरं पडतं, किंवा उत्तर दोन वेगळ्या पुस्तकांत अर्धं-अर्धं असतं. मिरजेतल्या एका दवाखान्यातला प्रसंग सांगतो. सुरक्षेसाठी ॲक्सेस स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या सर्व्हरने वाटलेले आयपी अडवणारी सोय) चालू केलं आणि सगळ्या वॉर्डांतल्या पीसींना आयपी मिळणं बंद झालं. स्विचवर चूक काहीच नाही. कॉन्फिगरेशन गाइडमधल्या डिफॉल्टच्या तक्त्यात लिहिलेलं होतं की स्नूपिंग चालू झालं की स्विच प्रत्येक विनंतीत ऑप्शन ८२ (विनंती कुठल्या पोर्टवरून आली त्याची नोंद) घालतो. पण त्याने आयपी का अडावा? ते कळलं २००१ च्या आरएफसी ३०४६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे जाहीर दस्तऐवज). विनंतीत रिलेचा (विनंती सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या राउटरचा) पत्ता शून्य आहे आणि तरी ऑप्शन ८२ आधीच घातलेला आहे, अशी विनंती अविश्वासू बाजूने आली तर रिलेने ती टाकून द्यावी, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. वरचा राउटर नियमानुसारच वागत होता. स्विचने तो ऑप्शन घालू नये अशी एक ओळ दिली आणि काम झालं. आरएफसी म्हणजे संशोधकांचं काम असं समजून घाबरू नका. फक्त एवढं बघा, वर 'ऑब्सोलिटेड बाय' लिहिलंय का. टीसीपीचं १९८१ चं ७९३ अजून लोक वाचतात, त्याच्या जागी २०२२ मध्ये ९२९३ आलंय.

आणि हे सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवा. नेटवर्क बंद असतं तेव्हाच मॅन्युअल लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर ज्यांच्याकडे पीडीएफ आणि कॉन्फिगरेशनची प्रत दोन्ही बाहेर सुरक्षित होती, त्यांना नवा स्विच उभा करणं सोपं गेलं. शिवाय २९६०-एक्सची विक्री कंपनीने थांबवलेली आहे. जुन्या मालाची पानं साइटवरून हळूहळू हलतात, जुन्या लिंक तुटतात. प्रत्येक मॉडेलचा एक फोल्डर करा: डेटाशीट, हार्डवेअर गाइड, कमांड रेफरन्स, सिस्टिम मेसेज गाइड आणि तुमच्या व्हर्जनच्या रिलीज नोट्स.

एवढं करूनही अडलंत तर कंपनीच्या सपोर्टला किंवा आमच्यासारख्यांना लिहा, पण लिहिताना "पोर्ट बंद पडतं" एवढंच नको. पीआयडी, व्हर्जन, वेळेसकट लॉगची ओळ, आणि "अमुक गाइडच्या अमुक प्रकरणात असं लिहिलंय, आमच्याकडे मात्र असं होतंय" हे एक वाक्य. असं पत्र आलं की पहिल्या पायरीवरचे "रीस्टार्ट करून बघितलं का" हे प्रश्न आपोआप गळतात. सोबत सिस्कोसाठी 'शो टेक-सपोर्ट', मायक्रोटिकसाठी सुपआउट फाइल (राउटरच तयार करून देतो ती सपोर्टसाठीची फाइल). आणि कॉन्फिगरेशन कुणालाही पाठवण्याआधी पासवर्डच्या ओळी काढून टाका. सिस्कोचा टाइप ७ पासवर्ड गिचमिड दिसत असला तरी तो क्षणात उलगडता येतो.